कोण सुटली

तुम्ही वाचताय ते एका काचेच्या नळीचं बोलणं आहे. तोंड उघडं, बूड गोल, उंची वीतभराला जरा कमी. बूड गोल असल्यामुळे मला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. कोणीतरी धरावं लागतं, नाहीतर कशात तरी खुपसावं लागतं. माझं सगळं आयुष्य एवढ्यात आलं. पण तुम्हाला वेळ असेल तर नीट सांगते. मला वेळच वेळ आहे.

माझा जन्म भट्टीतला. कुठल्या गावची भट्टी ते ठाऊक नाही, कारण जाग आली तेव्हा मी गवतात होते. लाकडी पेटी, आत वाळकं गवत, आणि आम्ही बारा डझन बहिणी. पेटीवर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांनी पेटी उलटी ठेवली. मद्रासपासून तंजावूरपर्यंत मी डोक्यावर आले.

तंजावूरला राजवाड्यापासून दहा मिनिटांवर एक दवाखाना होता. तिथं रक्त-लघवी तपासायची एक खोली होती. खिडकीला जाळी, दाराला कुलूप. पेटीतून काढून मला लाकडी स्टँडच्या सातव्या भोकात बसवलं. पुढं दिसायची आठवी नळी, मागं सहावी. सहावीशी माझं कधी पटलं नाही, पण जाणार कुठं?

खोलीचा धनी सेतुराम. तिथला मराठी, म्हणजे पूर्वज राजांबरोबर आले आणि परत जायचं विसरले, त्यातला. तेव्हा तिशीचा असेल. डॉक्टरांशी तमिळ, वहीत इंग्रजी, आणि बोटात काच घुसली की मराठी. म्हणजे त्याला कितपत लागलंय ते भाषेवरून कळायचं. सहावी फुटली तेव्हा तो तमिळमध्येच चरफडला. मला वाईट वाटलं, तिच्यासाठी नव्हे.

पहिली दोन वर्षं माझ्यात काय काय ओतलं ते सांगत नाही. तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल.

मग मला रक्ताचं काम मिळालं. त्यातल्या एका तपासणीला यंत्र लागत नव्हतं, फक्त धीर लागायचा. बाळंतपणात एखादीचं रक्त फार जायला लागलं की डॉक्टरीण राजमबाई तिच्या दंडातून चमचाभर रक्त काढायच्या आणि माझ्यात सोडायच्या. मग बघत बसायचं. चांगलं रक्त सात-आठ मिनिटांत दह्यासारखं बसतं. त्याची गुठळी होते, नळी उलटी केली तरी पडत नाही. अर्ध्या तासानंही ती तशीच राहिली तर बाई ठीक. पण गुठळी बसलीच नाही, किंवा बसून पुन्हा पाणी व्हायला लागली, तर समजायचं की तिच्या अंगातही तेच चाललंय. रक्त वाहतंय आणि थांबायचं विसरलंय.

अटी दोन. नळी अंगाइतकी गरम राहिली पाहिजे आणि हलता कामा नये. हलली तर गुठळी रोगानं मोडली की माणसानं, ते कळत नाही. गरम पाण्याची पेटी होती, पण तिच्यावर राजमबाईंचा विश्वास नव्हता. त्या म्हणायच्या, "अंगाची ऊब अंगानंच द्यावी." म्हणून सेतुराम मला मुठीत घेऊन स्टुलावर बसायचा. अर्धा तास. नाकावर माशी बसली तर बसू द्यायचा. आत मी, माझ्यात गुठळी, बाहेर त्याची बोटं, आणि तो स्वतः स्टुलावर. त्या खोलीत मोकळी अशी फक्त माशी होती.

आता त्या दिवसाचं सांगते. साल अठ्ठावन्न, डिसेंबरचा महिना. मे असता तर मला टेबलावर ठेवूनही चाललं असतं, मे महिन्यात तंजावूरचं टेबल माणसापेक्षा गरम असतं. पण डिसेंबर होता, आणि सकाळी हवेत गारवा होता.

राजवाड्याजवळच्या गल्लीतली कनकलता पहाटे दवाखान्यात आणलेली. वय बावीस, पहिलं बाळंतपण. वेळेआधीच पोटात दुखू लागलं आणि बाळ जन्मायच्या आतच रक्त जायला लागलं. बाहेर बाकावर तिघं बसलेले. सासू भामाबाई, नवरा प्राणेश, आणि तिचा भाऊ रघोजी, जो तिरुवैयारूहून आदल्याच दिवशी बहिणीला बघायला आला होता. प्राणेश आणि रघोजी दोघांचं रक्त तिला जुळतं, हे सेतुरामनं सकाळीच तपासून ठेवलं होतं. दवाखान्यात होती तेवढी एक बाटली चढवून झाली होती. "लागलं तर या दोघांचं ताजं घेऊ," असं राजमबाईंनी सांगून ठेवलं होतं. रघोजी पैलवान माणूस, पण सुई म्हटली की त्याला घेरी यायची. तो बाकाच्या दाराकडच्या टोकाला बसला होता.

साडेनऊला माझ्यात कनकलताचं रक्त आलं. गुठळी बसायला बारा मिनिटं लागली, आणि बसली तीही चिमुकली, कोपऱ्यात अंग चोरून बसल्यासारखी. सेतुराम मूठ जराशी उघडायचा, बघायचा, मिटायचा. वीस मिनिटं झाली आणि गुठळीची कड सुटायला लागली. मी आतून बघत होते. लाल लोकर उसवावी तशी एकेक बाजू मोकळी होत गेली, आणि तिचा बारीक चुरा खाली तरंगायला लागला.

सेतुराम उठला. मूठ छातीशी धरून राजमबाईंना सांगायला निघाला. वाटेतच बाक. भामाबाईंनी त्याला अडवलं. गल्लीतल्याच, त्याला लहानपणापासून बघितलेल्या.

"सेतू, काय रे? काय झालं?"

सेतुरामचे डोळे माझ्यात होते. डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. आणि लागलं की तो मराठीत बोलतो, हे मी सांगितलंच.

"सुटली, मामी," तो म्हणाला, आणि आत गेला.

आता इथं थांबून तुम्हाला एक सांगायला हवं. या घरांतून बाई 'बाळंत झाली' असं कोणी म्हणत नाही. बायका म्हणतात, सुटली. बाळ जन्मलं, बाई धोक्यातून सुटली, दोन्ही त्या एका शब्दात. सेतुरामची आईही असंच म्हणायची. पण त्या घटकेला सेतुरामच्या जगात सुटणारी एकच वस्तू होती आणि ती माझ्या बुडाशी होती.

पुढचं मला नंतर कळलं. रघोजी दरवर्षी सांगतो, प्रत्येक वेळी स्वतःला थोडं चांगलं दाखवून.

भामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग कामाला लागल्या. पहाटेपासून आंघोळ नाही, घरात दिवा नाही. "प्राणेशा, घरी चल. आधी देवापुढं दिवा, मग साखर. रघोजी, तूं बसनं तिरुवैयारूला जा, तुझ्या आईअप्पांना सांगून ये."

प्राणेशनं विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"ते काय पळून जातंय? जे आहे ते संध्याकाळीही तेच असणार."

"पण आमचं रक्त?"

"सुटली म्हणतोय की तो. आता कशाला रक्त?"

हे ऐकून सगळ्यात आधी कोण उठलं असेल ते तुम्ही ओळखलंच. रघोजी फाटकाबाहेर पोचला तेव्हा भामाबाई अजून चपला शोधत होत्या.

सेतुराम आतून आला तर बाक रिकामा. बाकावर लिंबूभाताची पुडी, आणि तीही अर्धी खाल्लेली. पाठोपाठ राजमबाई दारात आल्या. तमिळमध्ये शांतपणे म्हणाल्या, "ते दोघं कुठं आहेत? मला आत्ता रक्त हवंय. तासाभरानं उपयोग नाही."

"घरी गेले असतील. बोलावून आणतो."

"नळी?"

"अजून पूर्ण सुटलेली नाही."

"मग घेऊन जा. अर्ध्या तासात पूर्ण गेली की नाही, ते मला सांगायचं आहेस."

सायकलवर मला धरता येईना. धरता आलं असतं तरी मी हलले असते. मुठीत धरून चाललं तर बाहेर गार हवा. सेतुरामनं थोडा विचार केला आणि मला सदऱ्याच्या आत, बगलेत ठेवलं. कापसाचं बूच लावून, तोंड वर करून. आणि हात घट्ट आवळून तो चालायला लागला.

मी बऱ्याच ठिकाणी अडकले आहे. पण डिसेंबरात बत्तीस वर्षांच्या घाबरलेल्या माणसाच्या बगलेत अडकणं, ते वेगळं. त्याबद्दल जास्त बोलत नाही. ठोके मात्र ऐकू येत होते. मिनिटाला शंभराच्या वर असतील. आणि पाय काय चालत होते, डोक्यावर भरली घागर असल्यासारखे. धावायचं होतं आणि धावता येत नव्हतं.

वाटेत कॉफीवाला गुरुमूर्ती दुकानातून ओरडला, "काय ओ सेतुराम, हाताला काय झालं?"

"लचकला."

"तेल लावू?"

"नको."

"अहो, दोन मिनिटांत मोकळा करतो, या."

सेतुराम तसाच पुढे गेला. समोरून शाळेचे जुने मास्तर आले, त्यांनी नमस्कार केला. सेतुरामनं नुसती मान हलवली. मास्तरांनी चार दिवस त्याच्याशी अबोला धरला, असं नंतर समजलं.

गल्लीत पोचलो तर भामाबाई अकरा घरं करून परत दाराशी आल्या होत्या. हातात पितळेचं मोठं पातेलं, निम्मं साखरेनं भरलेलं. चेहरा धुतलेला, कपाळाला ताजं कुंकू. शेजारच्या चंद्रमतीबाई समोर उभ्या, त्यांच्या तळहातावर नुकतीच साखर पडलेली.

"ये रे सेतू. तोंड गोड कर." आणि तो काही बोलायच्या आत त्यांनी त्याच्या तोंडात साखरेची मूठ घातली.

आता बघा. तोंडात साखर, ती थुंकता येत नाही, अपशकुन. एक हात बगलेला चिकटलेला. दुसरा हात तो हवेत हलवतोय, आणि भामाबाईंना वाटतंय, आणखी मागतोय. त्यांनी आणखी घातली. साखर गिळायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी मोजलं. सतरा ठोके.

"मामी," तो म्हणाला, "कनका सुटली नाही."

"अय्यो, काय बोलतोस. सुटली म्हणून तूंच सांगिटलास की."

"गुठळी सुटली. रक्ताची गुठळी. कनका नाही."

सदऱ्यात हात घालून त्यानं मला बाहेर काढलं आणि वाकडं केलं. आत आता काहीच धरलेलं नव्हतं. रक्त पाण्यासारखं या बाजूचं त्या बाजूला गेलं. सगळ्यांनी बघितलं. इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघायची ती पहिली वेळ. मला लपायचं होतं, पण काच असून लपणार कशी?

"तिच्या अंगात रक्त थांबत नाहीये. ताजं हवंय, आत्ता. प्राणेश कुठंय?"

"इथं आहे," प्राणेश आतून आला. तो आंघोळीला बसला होता, ओल्या पंच्यावर.

"आणि रघोजी?"

भामाबाई म्हणाल्या, "तिरुवैयारूच्या बसला. मीच धाडलं."

दाराशी प्राणेशची सायकल होती. चालवायला सेतुराम, मागं ओला प्राणेश. दोन्ही हात मोकळे हवेत. आणि माझं काम संपलं होतं, जे सांगायचं ते माझं सांगून झालं होतं. पण मला नुसतं ठेवता येत नाही, मी आडवी पडते. सेतुरामनं इकडंतिकडं बघितलं आणि मला भामाबाईंच्या हातातल्या पातेल्यात, साखरेत उभं खुपसलं.

भामाबाईंनी पातेलं उंबऱ्यावर ठेवलं आणि चपला न घालता बस स्टँडकडे धावल्या. पासष्टीची बाई, नऊवारी, गल्लीतून धावताना आजवर कोणी पाहिली नव्हती.

बस सुटली होती. भामाबाई वळणावर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर नटराजनं हॉर्न वाजवला. त्या हलल्या नाहीत. त्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, काय पाहिजे.

भामाबाई तमिळमध्ये म्हणाल्या, "तुझ्या बसमध्ये एक धटिंगण बसलाय. त्याच्या अंगात माझ्या सुनेचं रक्त आहे. ते खाली उतरव."

नटराजनं इंजिन बंद केलं. रघोजी खिडकीशी होता. तो म्हणतो, ऐकताक्षणी मी उडी मारली. भामाबाई म्हणतात, कान धरून उतरवला. मग नटराजला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, चढा दोघं. आणि चाळीस उतारूंसकट बस उलटी फिरवून दवाखान्याच्या फाटकात आणली. उतारूंतले तीन जण आमचंही बघा म्हणून खाली उतरले. त्यातली एक जुळली. शेषम्मा, वांग्यांची टोपली घेऊन बाजाराला निघालेली. भामाबाई दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नसत. त्या दिवशी त्यांनी शेषम्माला काही विचारलं नाही. नंतरही नाही. त्या घरात आठवड्यातून दोनदा वांगी मात्र व्हायला लागली.

मी इकडं उंबऱ्यावर, साखरेत. घर उघडं टाकून सगळे गेलेले. चंद्रमतीबाई पातेल्याजवळ बसून राहिल्या. उजव्या तळहातावर साखर तशीच. खाता येईना, टाकता येईना. दुपार झाली. घामानं साखर ओली झाली, हाताला चिकटली. मुंग्या यायला लागल्या, आधी पातेल्याकडे, मग त्यांच्या हाताकडे. त्या डाव्या हातानं मुंग्या झटकत राहिल्या आणि दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मला काही जास्त ठाऊक आहे. मला ठाऊक होतं ते सगळं माझ्यात दिसतच होतं.

उन्हं उतरल्यावर प्राणेश आला. कोपरावर कापूस बांधलेला. दारातच बसला.

"कनका आहे," तो म्हणाला. "डोळे उघडले. पाणी मागितलं."

"आणि बाळ?"

प्राणेशनं पातेल्याकडे बघितलं. "ते आधीच गेलं होतं म्हणाल्या डॉक्टरीणबाई. सकाळीच. आपण बाकावर होतो तेव्हाच."

चंद्रमतीबाई उठल्या. मोरीवर जाऊन त्यांनी हात धुतला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

भामाबाई दुसऱ्या दिवशी आल्या. आणि मग मी जे बघितलं ते सांगते, कारण माणसांबद्दल एवढी एकच गोष्ट मला पक्की कळली आहे. चंद्रमतीबाईंचं सोडून बाकी दहा घरांतून साखर परत आली. कोणी कागदाच्या पुडीत, कोणी वाटीत, एका घरातून तर नुसती चिमूटभर, कारण बाकीची त्यांनी कॉफीत घातली होती. यायचे, पुडी द्यायचे, जायचे. काय करायचं त्या साखरेचं? भामाबाईंनी एकेक पुडी उघडून पातेल्यात ओतली. माझ्याभोवती. ती माझ्या गळ्यापर्यंत आली.

टाकायची कुठं? ती बाळाची साखर होती. आणि मी? माझ्यात घरच्या सुनेचं रक्त होतं. परक्या कोणाचं असतं तर उकिरड्यावर गेले असते. सेतुराम दोनदा मला न्यायला म्हणून आला आणि दोन्ही वेळा न मागताच गेला.

भामाबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. माझं डोकं वर येत होतं, म्हणून झाकण कलतं राहिलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एका दगडावर परात, परातीत पाणी, पाण्यात पातेलं, म्हणजे मुंग्या नकोत. रोज सकाळी त्या परातीत पाणी घालायच्या. झाकण उचलून आत कधी बघितलं नाही. पाणी चुकलं नाही.

तीन आठवड्यांनी कनकलता घरी आली. तिला साखरेचं कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस कॉफी करताना तिनंच झाकण उचलून बघितलं.

"आत्या, हे काय?"

"साखर."

"साखरेत उभं काय आहे?"

भामाबाई वाटणापासून उठल्या नाहीत. "तूं," म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सेतू काय म्हणाला, त्या काय समजल्या, किती घरं झाली. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "एका शब्दानं मी तुझा भाऊ आणि नवरा दोघांना घालवून बसले. आणखी थोडा उशीर झाला असता तर तुझ्या आईला काय सांगणार होते, ते मला अजून सुचलेलं नाही."

कनकलतानं माझ्याकडे बघितलं. आत रक्त वाळून काळं पडलं होतं. तिनं झाकण ठेवलं.

"कॉफीत मग गूळ घालू?"

"घाल."

पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेनं साखर धरली. दुसऱ्या पावसाळ्यात घट्ट झाली. तिसऱ्यात दगड. रक्ताची जी गुठळी अर्धा तास टिकली नाही, तिची नळी आता अशा गुठळीत बसली होती जी सुटायचं नाव घेईना. कोणीतरी माझी थट्टा करतंय असं मला वाटायचं, पण थट्टा करणारं कोण ते सापडलं नाही.

सेतुराम दर दिवाळीला यायचा. बिनसाखरेची कॉफी प्यायचा. त्यानं तो शब्द कामातून काढून टाकला होता. नळीतली गुठळी आता 'विरघळायची'. दोर सुटला, शाळा सुटली, हेही तो अडखळून बोलायचा. एकदा बस सुटली म्हणायच्या ऐवजी 'बस निघून गेलेली आहे' म्हणाला.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा कनकलताला पाचवा महिना होता. आठ वर्षं घरात कोणी तो विषय काढला नव्हता. तिनंच विचारलं, "सेतूअण्णा, यावेळी काय बघणार?"

"नवीन काही निघालंय," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंकडे कागद आलाय. गुठळी विरघळली की तिचा चुरा रक्तात फिरत राहतो. आणि तोच चुरा नवी गुठळी बसू देत नाही. विलायतेत आता तो चुराच पकडून मोजतात म्हणे."

"इथं पकडतात?"

"इथं अजून मीच आहे. आणि ही मूठ."

भामाबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून वर न बघता म्हणाल्या, "मोडलेल्याचा चुरा नवं बसू देत नाही, हे कळायला विलायतेला जायला लागतंय होय."

त्या संध्याकाळी परातीत पाणी कनकलतानं घातलं.

तिला पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा मी कोपऱ्यात होते, आणि त्यामुळे मला एकच उद्योग, ऐकणं. घरात भामाबाई एकट्या. यावेळी त्या बाकावर बसायला गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, मी तिथं नको, माझे कान चांगले नाहीत. प्राणेश आणि रघोजी तिकडे, आणि त्यांना शेषम्मानं, हो तीच, टोपली बाजूला ठेवून बाकाच्या मधोमध बसवून स्वतः टोकाला बसून डांबलं होतं. इकडं भामाबाईंनी सकाळपासून पाच वेळा तोच तांदूळ निवडला.

दुपारी दारात सेतुराम. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. एवढं बघूनच मला हलकं वाटलं.

"मामी."

"बोल."

"मुलगी आहे. रडते आहे. कनका बरी आहे, ताप नाही. गुठळी सात मिनिटांत बसली. मी अर्धा तास धरली, मग कोणी सांगितलं नसताना आणखी अर्धा तास धरली. उलटी केली, पडली नाही."

"एका शब्दात सांग की."

"तुम्हीच येऊन बघा," तो म्हणाला.

त्या गेल्या. बघून आल्या. येताना चालत आल्या, सावकाश. आणि आल्या त्या सरळ माझ्यापाशी.

त्या वर्षी साखर कुठंच मिळत नव्हती. रेशनची संपलेली. घरात साखर म्हणून जी होती ती एवढीच. भामाबाईंनी झाकण उचललं. खलबत्त्यातला बत्ता आणला आणि पातेल्यात हळूच टोकला. ठक. मी गोठले. पुन्हा, जरा जोरात. ठक. साखरेला ओरखडासुद्धा नाही. तिसऱ्यांदा बत्ता वर गेला तो माझ्या बरोबर वर, आणि तिथंच थांबला. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"राहू दे," म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

गल्लीत गूळ वाटला. अकराच्या अकरा घरांत. लोकांनी घेतला, पण तोंडात घालायच्या आधी प्रत्येकानं त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. चंद्रमतीबाईंनी तर सरळ विचारलं, "स्वतः बघून आलीस ना?"

"हातात घेऊन आले," भामाबाई म्हणाल्या. मग चंद्रमतीबाईंनी खाल्ला.

आता साल एकोणसत्तर. दवाखान्यात म्हणे प्लॅस्टिकच्या नळ्या येणार आहेत. सेतुरामचे केस पांढरे झालेत. मी इथंच आहे, कोपऱ्यात, गळ्यापर्यंत साखरेत. कोणी मला विसरलेलं नाही, म्हणूनच कोणी मला काढत नाही.

पण एक सांगते, आणि हे तुमच्या-माझ्यात राहू द्या.

मुलीचं नाव वत्सला. दोन वर्षांची झाली. महिन्यापूर्वी दुपारी, सगळे झोपले असताना, ती रांगत नव्हे, चांगली चालत कोपऱ्यात आली. परातीतल्या पाण्यात हात घातला, कारण तिला पाणी आवडतं. मग ओलं बोट झाकणाच्या फटीतून आत आलं आणि साखरेवर टेकलं. बोट तोंडात गेलं. थोडा वेळ ती विचारात उभी राहिली. मग बोट पुन्हा पाण्यात.

तेव्हापासून रोज येते. पाणी, साखर, तोंड. पाणी, साखर, तोंड. बत्त्यालाही न जुमानलेली साखर त्या एवढ्याशा बोटापुढं नमते आहे. माझा गळा आता उघडा झालाय, आणि पोटापर्यंत एका बाजूनं खळगा पडलाय. काल तिनं मला धरून जरासं हलवलं. मी हलले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

काळजी करू नका, माझी काच शाबूत आहे, बूच घट्ट आहे, आतलं आत आहे. आणि ती चाटते ती साखर तिच्याच घरातली आहे, तिच्याआधी जो कोणी यायचा होता त्याच्या नावानं आणलेली. मला वाटतं तिला हक्क आहे.

तुम्ही इथवर वाचलंत तर माझं एवढं करा. कधी त्या गल्लीत गेलात आणि भामाबाई दारात भेटल्या, तर गूळ घ्या, तब्येत विचारा, वांग्याची भाजी चांगली झाली म्हणा. दुपारच्या वेळी कोपऱ्यातून पाण्याचा आवाज आला, तर मोठ्यानं काहीतरी बोलत राहा.